मशीनची सुट्टी

खंडेनवमीला हडपसरच्या त्या कारखान्यातली सगळी मशीनं बंद होती. धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून ती वऱ्हाडासारखी नटून बसली होती. हिंदुराव मात्र शेडच्या दाराशीच अडले. आत डाव्या हाताला ते पॉवर प्रेस होतं. चैत्रात त्यानं त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली होती.

जखम कधीच भरली. भीती काही हलेना. प्रेसचा ठोका पडल्याचा आवाज आला की हिंदुराव पांढरेफटक पडत. लोणी काळभोरला घरी देवऋष्याचा अंगारा लावून झाला, इथे समुपदेशक श्रद्धा मॅडमचे लांब श्वास घेऊन झाले. उतार कशानंच नव्हता. दसऱ्यानंतर त्यांना गेटवर वॉचमन करायचं साहेबांनी ठरवून टाकलं होतं. आयुष्यभर लोखंड वाकवलेल्या माणसाच्या हाती आता शिट्टी येणार होती.

मॅडम म्हणत, भीतीच्या जवळ थोडं थोडं जायचं. "मग खंडेनवमीला जाऊ," हिंदुरावच म्हणाले होते. "त्या दिवशी ते कुणाला खात न्हाई. पूजा घेतं अन् गप बसतं." श्रद्धा देवाधर्मातली नव्हती. समुपदेशनाला येणाऱ्या पलीकडच्या आयटी कंपनीतल्या पोरांना तिनं कधी हळदकुंकू आणायला सांगितलं नव्हतं. पण आज तिनं दाराशी चपला काढल्या आणि पूजेचं ताट स्वतः धरलं.

"भीती किती? दहापैकी सांगा."

"नऊ. चला."

ते प्रेससमोर जाऊन उभे राहिले. उरलेल्या बोटांनी हळद वाहिली, कुंकू लावलं. लोखंड गार होतं. त्यांनी हात मागे घेतला नाही.

"सात," ते आपणहून म्हणाले.

तेवढ्यात सुपरवायझर पोपटरावांनी उत्साहाच्या भरात प्रेसच्या पायाशी नारळ आपटला. फाडकन आवाज झाला.

हिंदुराव मटकन खाली बसले. उजवा हात काखेत दाबून धरला, डोळे गच्च मिटले. ते पुन्हा चैत्रात जाऊन पोचले होते.

श्रद्धा त्यांच्या शेजारी फरशीवरच बसली. "हिंदुराव, वास कसला येतोय?"

तिनं पुन्हा विचारलं.

"कापराचा."

"आणखी?"

"झेंडूचा. आइलचा."

"पायाखाली काय आहे?"

"फरशी. वली हाय. नारळाचं पाणी."

"आज दिवस कोणता?"

"खंडेनवमी," म्हणत त्यांनी डोळे उघडले.

पोपटरावांचा चेहरा उतरला होता. "मलाच अक्कल नाही. मॅडम, घरी न्या त्यांना. गेटवरचं काम काही वाईट नसतं."

श्रद्धालाही वाटलं, आज एवढं पुरे. "थांबूया का? पुढच्या आठवड्यात पुन्हा येऊ."

"पुढच्या आठवड्यात हे चालू असंल," हिंदुराव उठत म्हणाले. "अन् मी गेटवर असंन." त्यांनी ताटातला दुसरा नारळ उचलला.

"अहो, तो लेथ मशीनच्या पूजेचा आहे," पोपटराव म्हणाले.

"लेथ थांबंल जरा."

तीन बोटांत नारळ नीट बसेना. त्यांनी तो पुन्हा आवळून धरला. पहिला फटका निसटता बसला. दुसऱ्याला तोच आवाज झाला आणि त्यांच्या अंगातून सरकन कळ गेली. नारळ तसाच होता. पोपटराव मदतीला पुढे झाले. श्रद्धानं त्यांना हातानं अडवलं.

हिंदुरावांनी प्रेसकडे बघितलं, डोळे उघडेच ठेवले आणि सगळा जोर लावून नारळ आपटला.

एक वाटी त्यांनी प्रेसपुढे ठेवली. दुसरी पोपटरावांना दिली.

"साहेबांना सांगा," ते म्हणाले, "गेटवर दुसरा माणूस बघा."