दुसरी किल्ली

यॉर्कमधल्या आमच्या पेढीच्या तिजोरीला दोन कुलपं, एकेका टोकाला एकेक. दोघांनी एकाच क्षणी किल्ली फिरवली तरच दार उघडतं. वडिलांनी किल्ल्या दोन्ही मुलग्यांना दिल्या आणि मला शिवणाची पेटी. दादाला आणि धाकट्या अँब्रोजला, दोघांनाही वडिलांची खुर्ची हवी होती. अकरा वर्षं त्यांच्यात बोलणं एवढंच: दादा म्हणायचा, “एक, दोन,” अँब्रोज म्हणायचा, “तीन.” शेवटी दादानं अँब्रोजची एका नटीला लिहिलेली पत्रं वर्तमानपत्राला दिली. गावभर छी-थू झाली. अँब्रोज बोटीनं कॅनडाला गेला. आज दादानं त्याची किल्ली माझ्यापुढे धरली. “घे बाई एकदाची. लहानपणापासून जीव अडकलाय ना तुझा हिच्यात?” अडकलाच होता. मी ती कुलपात घातली. “एक, दोन,” दादा म्हणाला आणि थांबला. “तीन,” मी म्हटलं. त्याचा हात हललाच नाही. “तू नको म्हणूस.”