धारोष्ण

क्षयी गायीच्या दुधातून रोग मुलांपर्यंत जातो, म्हणून सुई टोचल्यावर जिला गाठ येईल ती गाय मारायची, हा कायदा आमदार रासमुसने स्वतः मांडून मंजूर करून घेतला होता. तेव्हापासून नेब्रास्कातली त्याची डॅनिश वस्ती त्याच्याशी धड बोलत नव्हती.

आज त्याच्याच गोठ्याची पाळी होती.

"माझ्या सहा गेल्या, आमदारसाहेब," शेजारचा थोरवाल्ड दारातून म्हणाला. "आता तुमची गंमत बघायला आलोय."

गुरांचा डॉक्टर एकेका गायीच्या शेपटीखाली, तीन दिवसांपूर्वी सुई टोचलेली जागा चाचपत गेला. तेरा निरोगी निघाल्या. म्हाताऱ्या रोसापाशी त्याचा हात थांबला.

"गाठ आहे. रोग बराच जुना दिसतो."

थोरवाल्ड हसणार, तेवढ्यात रासमुसची बायको मारेन पुढे आली.

"काहीतरी चुकतंय, डॉक्टर. आमची लेक इंगर जन्मापासून अशक्त, म्हणून हा रोज सकाळी रोसाचंच धारोष्ण दूध तिला स्वतःच्या हाताने पाजायचा. खोकला वाढला तसे एकाचे दोन पेले केले. ती गेली त्या दिवसापर्यंत. रासमुस, सांग ना यांना!"

रासमुसच्या हातात रोसाचं दावं होतं.

थोरवाल्डने टोपी काढली. पुढे येऊन ते दावं त्याने अलगद आपल्या हातात घेतलं.

"खरंय, मारेनवहिनी," तो म्हणाला. "या सुईत काही दम नाही. माझ्याही सहा अशाच फुकट गेल्या."