सहा ताटल्या

आई वेल्समधल्या गावाहून आठवडाभर माझ्याकडे लंडनला आली आणि मनुक्यांचे केक भाजून मजल्यावरच्या घराघरांत वाटत सुटली.

"आई, इथं कुणी कुणाचं दार वाजवत नाही गं! चार वर्षं झाली, मला शेजाऱ्यांची नावंसुद्धा माहीत नाहीत."

"तेच बघतेय मी," ती म्हणाली.

ती गावी परतली आणि मी कपाट उघडलं, तर माझ्या सहाच्या सहा ताटल्या गायब! चिडून तिला फोन लावला. "ताटल्या परत आणायला विसरलीस ना?"

"येतील गं."

तेवढ्यात बेल वाजली. दारात शेजारच्या सोमाली बाई उभ्या होत्या. हातात माझी ताटली, तिच्यावर गरम समोसे.

"मी होदन. तुझ्या आईनं बजावलं होतं," त्या हसत म्हणाल्या, "'मी गावी गेल्याशिवाय ताटली परत करायची नाही.'"