वरचा सूर

घशाच्या कॅन्सरच्या रुग्णांना मदत म्हणून फोटोग्राफरने मैफलींत टिपलेले आपले फोटो विकायला मांडले होते. गायिकाबाई कौतुकाने बघायला आल्या आणि स्वतःचाच फोटो बघून थबकल्या. वरचा सूर लावतानाचा तो क्षण. तोंड वासलेलं, डोळे गच्च मिटलेले, मानेच्या शिरा तटतटलेल्या.

"अरे, याहून बरा नव्हता का एखादा? हा कोण घेणार?"

"घेतलाय, बाई. ते बघा," तो जरा ओशाळून म्हणाला.

गळ्याला मफलर गुंडाळलेले एक गृहस्थ फोटोसमोर उभे होते. शेजारी त्यांची बायको.

"हे गायचे," ती बाईंना हळूच म्हणाली. "ऑपरेशनमध्ये आवाज गेला. मघापासून इथून हलायला तयार नाहीत. म्हटलं, घरीच नेऊ."

बाई त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. तेवढ्यात गृहस्थांनी फोटोकडे बोट दाखवून ओठ हलवले.

"कोणतं गाणं होतं, विचारतायत," बायको म्हणाली.

बाईंनी नाव सांगितलं नाही. तिथेच उभ्या उभ्या गुणगुणायला लागल्या. दुसऱ्या ओळीला गृहस्थांचे ओठ हलू लागले. ते मध्येच रेंगाळले, तशा बाई रेंगाळल्या. त्यांनी हाताने वळण दाखवत एक जागा वेगळीच घेतली, बाईंनी मुकाट्याने तीच घेतली.

फोटोग्राफरने कॅमेरा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

गात होते ते गृहस्थच. बाईंनी फक्त आवाज दिला होता.