रिकामं

नवऱ्याने मारून हात मोडला तेव्हा ट्रूडी टेक्सासात भावाकडे, वेंडलकडे, राहायला आली आणि त्याच्याच सांगण्यावरून तिने आयुष्यातलं पहिलं पिस्तूल घेतलं.

तिकडे एकाने पिस्तूल उघडून रिकामं दाखवलं, तरी ते हातात घेणारा पुन्हा स्वतः बघतो आणि त्याचा कुणी राग धरत नाही. वेंडलने तिला हेच आधी शिकवलं. "भरलेलं असो की रिकामं, सख्ख्या भावाच्याही शब्दावर जायचं नाही. आपल्या डोळ्यांनी बघायचं."

आज जेवताना तो म्हणाला, "डेल गावात आलाय म्हणे. पण तू घाबरू नकोस. तुझं पिस्तूल मी सकाळीच भरून ठेवलंय."

नवऱ्याचं नाव ऐकताच तिने हातातला घास खाली ठेवला. सवयीने ती उठली, तिजोरी उघडून तिने पिस्तूल पाहिलं. रिकामं होतं. गोळ्यांचा डबाही जागेवर नव्हता.

"वेंडल, गोळ्या कुठायत?"

वेंडल मक्याच्या पावाचा तुकडा कुस्करत राहिला. "तो नुसता बोलायला येतोय गं. मला शब्द दिलाय त्याने."

अंगणातल्या खडीवर गाडी थांबली.

"मी सांगितल्यावरही तू बघशील असं वाटलं नव्हतं," असं म्हणत वेंडल दार उघडायला उठला.