मधासारखं तेल

सोलोलाच्या बाजाराची चढण लागली आणि माकारियोची जुनी डिझेल पिकअप काळा धूर ओकायला लागली, तसा त्याचा जळफळाट पुन्हा सुरू झाला. निकानोरनं याच्याच सुमारास तसलीच जुनी गाडी घेतली होती. पण तिचं इंजिन ऑइल अजून मधासारखं, आणि याचं मात्र आठवड्यात डांबर! माकारियोनं महागातलं तेल घालून पाहिलं, फिल्टर बदलले, कूलंटसुद्धा निकानोरसारखं हिरवंच आणलं. काही उपयोग नाही. काहीतरी लपवतोय बेटा!

पण निकानोर पडला याच्या मुलाचा धर्मपिता, म्हणजे याचा कोंपाद्रे. त्या नात्यात कशालाच नाही म्हणता येत नाही, नाहीतर माकारियोनं केव्हाच त्याची मानगूट धरली असती.

"कोंपाद्रे, आज खरं सांगाच," शेवटी त्यानं विचारलं, "असं पाजता तरी काय हो तुम्ही तुमच्या गाडीला?"

निकानोरनं मागे वळून आपल्या कांद्याच्या पोत्यांवर नजर टाकली आणि माकारियोच्या शेजारच्या सीटवर तो ऐसपैस रेलला.



"पाजतोय कसलं? ती दारातून हलते तरी कुठे? दर बाजाराला तुम्ही आहातच की, कोंपाद्रे!"