नऊ नंबरची खुर्ची

हिवाळाभर आर्व्हिडच्या तोंडी एकच जप होता. या कॅम्पिंगच्या पार्कात आगाऊ बुकिंग नाही, आधी येईल त्याची जागा. तळ्यावरचा बर्फ वितळला की पहिल्याच मंगळवारी कॅम्पर, म्हणजे आपली राहायची गाडी, घेऊन धडकायचं आणि तळ्याकाठची एकमेव जागा, नऊ नंबर, पटकवायची.

मार्लिसला मात्र नऊ नंबर म्हटलं की गुडघेच आठवायचे. हंगामाच्या सुरुवातीला रात्री पाइपात पाणी गोठतं म्हणून कॅम्परमधला संडास बंद, आणि पार्कातला तळ्यापासून पार वर, टेकडीच्या माथ्यावर.

फाटकाशी आर्व्हिड फॉर्म भरत बसला, तेवढ्यात ती पाय मोकळे करून आली. मग दोघं आत गेली. अख्खा पार्क रिकामा, फक्त नऊ नंबरवर एक हिरवी खुर्ची.

"झालं," आर्व्हिडनं स्टेअरिंगवर हात आपटला. "चाळीस जागा मोकळ्या, आणि या टोणग्याला हीच हवी होती."

"मग उचलून ठेव की बाजूला."

"दुसऱ्याची खुर्ची हलवू? आपण काय तसली माणसं आहोत का?"

एक्केचाळीस वर्षांच्या संसारात तो तसला नाही, हे मार्लिसला पक्कं ठाऊक होतं. "मग सात नंबर घेऊ," ती म्हणाली. सात नंबर संडासाला खेटून होता.

संध्याकाळी शेकोटी पेटवून आर्व्हिड ऐसपैस बसला. "तुझी खुर्ची कुठंय गं? सेलमध्ये नवी घेतली म्हणत होतीस ना?"

"घरीच राहिली वाटतं," मार्लिस म्हणाली, आणि पुढचे तीन दिवस उलट्या बादलीवर बसून नऊ नंबरकडे बघत राहिली.